श्रद्धासातत्य सिद्धांत, ख्रिस्ती

ईश्वरी कृपेने ज्याच्या ठिकाणी खरी श्रद्धा उत्पन्न झाली, तो मनुष्य ती श्रद्धा कायमची गमावू शकत नाही. मोहाने वा पापाने तो काही काळ ढळला, तरी अखेरीस श्रद्धेतच राहून तारणास (मुक्तीस) पोहोचतो, असे प्रतिपादन करणारा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सिद्धांत. प्रॉटेस्टंट पंथाच्या कॅल्व्हिनप्रणीत शाखेत तो ‘संतांचे सातत्य’ ह्या नावाने ओळखला जातो. येथे ‘संत’ ह्या शब्दाने चर्चने अधिकृतपणे संतपद दिलेल्या व्यक्ती अभिप्रेत नसून ईश्वराने आपलेसे केलेले सर्व श्रद्धावंत अभिप्रेत आहेत. मराठी बायबलमध्ये त्यांना ‘पवित्र जन’ म्हटले आहे. ह्या सिद्धांताच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत : श्रद्धावंत अखेरपर्यंत टिकतो, तो ईश्वराच्या बळावर की स्वतःच्या? आणि आपण टिकणार आहोत, हे त्याला जिवंतपणी कळू शकते काय? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून ख्रिस्ती पंथोपपंथ एकमेकांपासून वेगळे झाले, तर दुसऱ्या प्रश्नाने सामान्य भाविकांची मने शतकानुशतके व्यापली.

संज्ञा व व्याप्ती : सातत्य किंवा दृढता ह्या अर्थाची ‘पर्सेव्हेरान्तिआ’ ही लॅटिन संज्ञा ख्रिस्ती धर्मशास्त्रात तीन अर्थांनी येते. संकटांत व कंटाळ्यातही सत्कर्म न सोडण्याचा सद्‌गुण हा पहिला अर्थ. मरणसमयी मनुष्य ईश्वरी कृपेच्या अवस्थेत असणे, म्हणजे ‘अंतिम सातत्य’, हा दुसरा. हे सातत्य खऱ्या श्रद्धावंताला निश्चितपणे लाभतेच, हा तिसरा अर्थ, आणि प्रस्तुत सिद्धांत तो हाच. पहिल्या दोन अर्थांविषयी ख्रिस्ती पंथांत फारसा मतभेद नाही. वाद आहे तो तिसऱ्याविषयी. तारणासाठी कोणाची निवड व्हावी हे ईश्वराने अनादिकाली ठरविले आहे, ह्या पूर्वनियोजनाच्या सिद्धांताशी त्याचा निकटचा संबंध आहे. मात्र दोन्ही सिद्धांत एक नव्हेत. पूर्वनियोजन नाकारून सातत्य मानणारे उपपंथ आहेत, तसेच पूर्वनियोजन मानूनही एकदा कृपा लाभलेला प्रत्येक जण टिकतोच असे न मानणारे ऑगस्टीनसारखे आचार्यही आहेत.

बायबलमधील आधार : दोन्ही पक्षांना बायबलमध्ये आधार सापडतात आणि वादाच्या चिवटपणाचे हे एक प्रमुख कारण होय. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आपल्या मेंढरांना आपल्या हातून कोणीही हिरावून नेऊ शकणार नाही, असे आश्वासन येशू देतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सेंट पॉल निवड, पाचारण, नीतिमान ठरविणे व गौरव ह्यांची अखंड मालिका सांगतो आणि ईश्वराच्या प्रेमापासून विभक्त करील असे काहीही नाही, असा निर्वाळा देतो. ईश्वराने आरंभिलेले सत्कार्य तोच सिद्धीस नेईल, असा विश्वास तो फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी व्यक्त करतो.

ह्याउलट, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या व दहाव्या अध्यायांत स्वर्गीय देणगीचा आस्वाद घेऊन पतित झालेल्यांविषयी अत्यंत कठोर इशारे आहेत. योहानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलीच्या दृष्टांतात फळ न देणारे फाटे छाटले जातात, तर उभ्या असलेल्याने पडू नये म्हणून सावध असावे, असा उपदेश पॉलने करिंथकरांस केला आहे. योहानाच्या पहिल्या पत्रातील दुसऱ्या अध्यायात मात्र जे सोडून गेले ते मुळात आपले नव्हतेच, असे स्पष्टीकरण आढळते. सातत्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी इशाऱ्यांचा अर्थ ह्या वचनाच्या आधारे लावला. तारणदात्याला तीनदा नाकारूनही परत आलेला पीटर आणि त्याचा घात करून निराशेत जीव देणारा ज्यूडास ह्या दोन शिष्यांची उदाहरणे पुढील सर्व चर्चेत पुनःपुन्हा येतात. दोघेही पडले, एक उठला, दुसरा उठला नाही. असे का घडले, हाच ह्या सिद्धांताचा विषय होय.

आद्य ख्रिस्ती समाज : हा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो ग्रंथांत नव्हे, तर छळाच्या काळात. रोमन सम्राट डीशिअस (कार. २४९–५१) ह्याने साम्राज्यातील रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे, अशी आज्ञा काढली. अशी काही प्रमाणपत्रे ईजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेली सापडली आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी दिले. काहींनी बळी न देता लाच देऊन प्रमाणपत्र मिळविले. छळ ओसरताच ह्या ‘पतितां’पैकी पुष्कळांना परत यावेसे वाटू लागले. रोममधील नोव्हेशियन ह्याने त्यांना चर्चमध्ये पुन्हा स्थान देण्यास विरोध केला व २५१ मध्ये वेगळा पंथ काढला. कार्थेजचा बिशप सिप्रिअन (सु. २००–२५८) ह्याने मधला मार्ग पत्करला : प्रमाणपत्र घेणाऱ्यांना चौकशीअंती, तर बळी देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्तानंतर मरणसमयी परत घ्यावे, असे कार्थेजच्या धर्मसभेने ठरविले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच पश्चात्तापदग्ध पतितांना लगेच सामावून घेण्यात आले. कारण ज्यांनी पुढच्या संकटात टिकून राहावे अशी अपेक्षा होती, त्यांना आधाराविना ठेवणे योग्य नव्हते. सिप्रिअन स्वतः २५८ मध्ये हुतात्मा झाला. पतन हे अंतिम नसते, ही भूमिका ह्या प्रसंगाने मुख्य प्रवाहात स्थिर झाली. टिकून राहणारे कशामुळे टिकतात, ह्याचे तात्त्विक उत्तर मात्र अद्याप मिळावयाचे होते.

ऑगस्टीन : हे उत्तर उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) ह्याने दिले. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप जीवन जगू शकतो, ह्या पेलेजिअसच्या मताचे खंडन करताना त्याने कृपेचा सिद्धांत विस्ताराने मांडला. त्यावर हाड्रुमेटम येथील मठातील काही साधूंनी शंका काढली : सर्व काही कृपेनेच घडत असेल, तर वरिष्ठांनी आमची कानउघाडणी का करावी? त्यांनी आमच्यासाठी केवळ प्रार्थना करावी. तिला उत्तर म्हणून ऑगस्टीनने दे कोरेप्शोने एत ग्रातिआ (सु. ४२६–२७) हा ग्रंथ लिहिला. कानउघाडणी हे ईश्वराच्या हातातील साधनच होय, असे त्याचे म्हणणे होते. दक्षिण गॉलमधील मठवासीयांच्या आक्षेपांना उत्तर देण्यासाठी लिहिलेल्या दे दोनो पर्सेव्हेरान्तिए (सु. ४२८–२९) ह्या ग्रंथात त्याने अंतिम सातत्य हीच ईश्वराची स्वतंत्र देणगी असल्याचे प्रतिपादन केले. ख्रिस्ती लोक रोज जी प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिच्यातील बहुतेक मागण्या अखेर टिकून राहण्याच्याच मागण्या आहेत, हे सिप्रिअनच्या विवरणाच्या आधारे त्याने दाखवून दिले. जे स्वतःच्या हातात आहे ते कोणी ईश्वराकडे मागत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

ऑगस्टीनची भूमिका पुढील काळातील कॅल्व्हिनप्रणीत भूमिकेहून एका बाबतीत भिन्न आहे. बाप्तिस्म्याने नवजन्म लाभलेल्या काहींना सातत्याची देणगी मिळत नाही व ते नष्ट होतात, असे तो मानतो. त्यामुळे ही देणगी आपणास मिळाली आहे की नाही, हे मृत्यूपूर्वी कोणालाही निश्चितपणे सांगता येत नाही. ही अनिश्चितता त्याला अनिष्ट वाटली नाही. अहंकारापासून रक्षण करणारे ते एक औषधच आहे, अशी त्याची धारणा होती. ५२९ मध्ये ऑरेंज येथे भरलेल्या धर्मसभेने ऑगस्टीनच्या मताचा सौम्य स्वरूपात स्वीकार केला आणि नवजन्म पावलेल्यांनीही टिकून राहण्यासाठी ईश्वराचे साहाय्य मागितले पाहिजे, असे सांगितले.

मध्ययुग व ट्रेंटची परिषद : सेंट टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) ह्याने सातत्याचा सद्‌गुण व अंतिम सातत्याची देणगी ह्यांतील भेद स्पष्ट केला. सत्कर्मांनी मनुष्य इतर पुष्कळ गोष्टींस पात्र होऊ शकला, तरी अंतिम सातत्य त्याला हक्काने मिळविता येत नाही. ते प्रार्थनेने मागावयाचे असते, असे त्याचे मत आहे. मध्ययुगीन धर्माचाराची सारी रचना ह्या धारणेशी जुळणारी होती. महापापाने गमावलेली कृपा प्रायश्चित्त-संस्काराने परत मिळत असे व मरणोन्मुख व्यक्तीला अखेरचा प्रभुभोजन-संस्कार देऊन परलोकाच्या वाटेची शिदोरी पुरविली जाई. खात्री नव्हती, परंतु आधार होता.

धर्मसुधारणा आंदोलनानंतर रोमन कॅथलिक चर्चने ही भूमिका ट्रेंटच्या परिषदेत सूत्रबद्ध केली. १३ जानेवारी १५४७ रोजी संमत झालेल्या नीतिमानीकरणविषयक आदेशाच्या तेराव्या प्रकरणात सातत्याच्या देणगीचा विचार आहे. ईश्वराच्या साहाय्यावर सर्वांनी दृढ भरवसा ठेवावा, परंतु विशेष साक्षात्काराखेरीज आपणास ही देणगी मिळणारच असे कोणी पूर्ण निश्चितीने म्हणू नये, असे परिषदेने ठरविले व तसे म्हणणाऱ्याला बहिष्कृत मानले.

पुढील शतकात फ्रान्समधील जॅन्सेनवादी विवादात हाच प्रश्न कॅथलिक चर्चच्या अंतर्गतही उद्‌भवला. पीटरने ख्रिस्ताला नाकारले त्या क्षणी त्याच्या ठिकाणी कृपेचा अभाव होता, ह्या आशयाच्या विधानामुळे आंत्वान आर्नो ह्याला १६५६ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र-विद्याशाखेतून काढून टाकण्यात आले. त्याच्या बचावासाठी ब्लेझ पास्कालने लिहिलेली पत्रे (१६५६–५७) फ्रेंच गद्यात श्रेष्ठ मानली जातात.

धर्मसुधारणा आंदोलन : मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) ह्याने तारणाची खात्री हा श्रद्धेचा गाभा मानला; तथापि खरी श्रद्धा नष्ट होऊच शकत नाही, असे तो मानीत नव्हता. ल्यूथरपंथीयांच्या ऑग्जबर्ग श्रद्धापत्राने (१५३०) एकदा नीतिमान ठरलेले पवित्र आत्मा गमावू शकत नाहीत, ह्या मताचा निषेधच केला. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) ह्याने मात्र ऑगस्टीनचे पूर्वनियोजन व ल्यूथरची खात्री ह्यांचा मेळ घातला. निवड अढळ असेल व खरी श्रद्धा निवडलेल्यांनाच मिळत असेल, तर खरी श्रद्धा कधीच पूर्णतः नष्ट होणार नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. स्ट्रॅसबर्ग येथे १५६१–६३ ह्या काळात जिरोलामो झांकी व ल्यूथरपंथीय योहान मारबाख ह्यांच्यात झालेल्या वादात सातत्य हा प्रमुख मुद्दा होता; ल्यूथरपंथीय व कॅल्व्हिनपंथीय ह्यांच्यातील अंतर तेव्हापासून उघड झाले.

कॅल्व्हिनच्या मांडणीत एक अडचण शिल्लक राहिली. जे श्रद्धा सोडून जातात, त्यांची श्रद्धा प्रथमपासूनच ‘तात्पुरती’ होती, असे तो म्हणतो. परंतु ही तात्पुरती श्रद्धा अनुभवात खऱ्या श्रद्धेसारखीच भासू शकते, हेही तो मान्य करतो. म्हणजे ‘मी टिकेन काय?’ ह्या जुन्या चिंतेची जागा ‘माझी श्रद्धा खरी आहे काय?’ ह्या नव्या चिंतेने घेतली. कॅल्व्हिनने त्यावर स्वतःकडे न पाहता ख्रिस्ताकडे पाहावे, असा उपाय सांगितला. ही चिंता केवळ पुस्तकी नव्हती, हे फ्रांचेस्को स्पिएरा ह्याच्या उदाहरणावरून दिसते. पॅड्युआजवळील चित्तादेल्ला गावच्या ह्या वकिलाने १५४८ मध्ये धर्मन्यायासनासमोर आपली प्रॉटेस्टंट मते जाहीरपणे सोडली. नंतर आपण ईश्वराने टाकलेले आहोत, ह्या खात्रीने ग्रस्त होऊन अन्न नाकारीत तो त्याच वर्षाच्या अखेरीस मरण पावला. त्याला अखेरच्या दिवसांत भेटलेला बिशप प्येर पाओलो व्हेर्जेर्यो पुढे स्वतः प्रॉटेस्टंट झाला. स्पिएराची हकीकत यूरोपातील अनेक भाषांत प्रसृत झाली व प्रॉटेस्टंट घरांत दीर्घकाळ भीतीने वाचली जात होती.

डॉर्टची धर्मपरिषद : सिद्धांताला निश्चित रूप मिळाले ते नेदर्लंड्समधील विवादातून. लायडन विद्यापीठातील प्राध्यापक याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) ह्याने कॅल्व्हिनप्रणीत पूर्वनियोजनाविषयी शंका उपस्थित केल्या. त्याच्या मृत्यूनंतर १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले व त्यावरून त्यांना ‘रेमोन्‌स्ट्रंट’ (निवेदनकर्ते) हे नाव पडले. पाचव्या कलमात श्रद्धावंताला टिकून राहण्यास पुरेसे साहाय्य मिळते असे म्हटले होते. मात्र तो स्वतःच्या हलगर्जीपणाने ते गमावू शकतो काय, हा प्रश्न शास्त्रवचनांच्या अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला होता. पुढील काही वर्षांत वाद चिघळला आणि रेमोन्‌स्ट्रंटांनी ते गमावता येते, असे स्पष्टपणे प्रतिपादन केले.

धर्मशास्त्रीय मतभेदाला राजकीय संघर्षाचीही जोड मिळाली. हॉलंड प्रांताचा मुत्सद्दी योहान व्हान ओल्डनबार्नव्हेल्ट रेमोन्‌स्ट्रंटांच्या बाजूचा, तर ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस त्यांच्या विरोधकांच्या बाजूचा होता. मॉरिसची सरशी झाल्यावर १३ नोव्हेंबर १६१८ रोजी डॉर्ट (डॉर्ड्रेख्ट) येथे राष्ट्रीय धर्मपरिषद सुरू झाली. तीत इंग्लंड, स्कॉटलंड, पॅलटिनेट, हेस, जिनीव्हा, ब्रेमेन तसेच इतर स्विस व जर्मन प्रदेशांचे प्रतिनिधी होते. फ्रेंच प्रतिनिधींना त्यांच्या राजाने जाऊ दिले नाही. रेमोन्‌स्ट्रंटांना परिषदेत सभासद म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून पाचारण करण्यात आले होते व कामकाजाच्या पद्धतीवरून खटके उडाल्यावर १४ जानेवारी १६१९ रोजी अध्यक्ष योहानेस बोगरमन ह्याने त्यांना सभागृहातून घालवून दिले. परिषदेचे निर्णय मे १६१९ मध्ये जाहीर झाले. त्याच महिन्याच्या १३ तारखेला राजद्रोहाच्या आरोपावरून एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नव्हेल्टचा हेग येथे शिरच्छेद झाला. विधिवेत्ता ह्यूगो ग्रोशिअस ह्याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत दडून तो लूव्हस्टाइनच्या किल्ल्यातून निसटला. सुमारे दोनशे रेमोन्‌स्ट्रंट धर्मोपदेशकांना पदच्युत करण्यात आले.

डॉर्टच्या निर्णयपत्राच्या पाचव्या भागात सातत्याविषयी पंधरा कलमे व विरोधी मतांची नऊ खंडने आहेत. ज्या कटू वातावरणात ती रचली गेली, त्या मानाने त्यांचा सूर बराच संयमित आहे. श्रद्धावंत ह्या जन्मी पापप्रवृत्तीपासून पूर्णतः मुक्त नसतो. डेव्हिड व पीटर ह्यांच्याप्रमाणे तो घोर पापात पडू शकतो आणि काही काळ कृपेची जाणीव गमावू शकतो. स्वतःच्या भरवशावर तो टिकलाही नसता. परंतु ईश्वर आपला आत्मा त्याच्यापासून सर्वस्वी काढून घेत नाही व त्याला पुन्हा पश्चात्तापाकडे वळवितो. हे कार्य प्रवचन, उपदेश, इशारे व संस्कार ह्या साधनांच्या द्वारे होते. म्हणजे बायबलमधील इशारे हे सिद्धांताला बाधक नसून सातत्य घडवून आणणारी साधनेच आहेत, असे परिषदेचे म्हणणे होते. ही खात्री निष्काळजीपणास जन्म देते, हा आक्षेपही परिषदेने फेटाळला. डॉर्टच्या निर्णयांचा सारांश म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पाच मुद्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ‘ट्यूलिप’ हा शब्द तयार होतो. सातत्य हा त्यातील शेवटचा मुद्दा. ही संक्षेपपद्धती मात्र विसाव्या शतकातील असून परिषदेच्या काळातील नाही.

इंग्लंड व न्यू इंग्लंड : इंग्लंडच्या चर्चच्या श्रद्धाकलमांपैकी सोळावे कलम कृपा लाभलेला मनुष्यही पापात पडू शकतो व पुन्हा उठू शकतो, एवढेच सांगते. केंब्रिजमधील वादानंतर १५९५ मध्ये तयार झालेल्या नऊ लँबेथ कलमांत सातत्याचा स्पष्ट पुरस्कार होता. परंतु पहिल्या एलिझाबेथ राणीने ती अधिकृत होऊ दिली नाहीत. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत प्यूरिटनांनी सोळाव्या कलमात हे पतन ‘पूर्ण व अंतिम नसते’ अशी पुस्ती जोडण्याची मागणी केली. तीही मान्य झाली नाही. त्यांचे म्हणणे अखेर वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात (१६४६) पूर्णपणे उमटले. त्याच्या सतराव्या प्रकरणात सातत्याचा आधार मनुष्याच्या इच्छेत नसून ईश्वराचा अपरिवर्तनीय संकल्प, ख्रिस्ताची मध्यस्थी, पवित्र आत्म्याचे वास्तव्य व कृपेचा करार ह्यांत असल्याचे सांगितले आहे. अठरावे प्रकरण खात्रीविषयी असून, खऱ्या श्रद्धावंतालाही ती मिळण्यास बराच काळ लागू शकतो, अशी त्यात कबुली आहे. स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन चर्चने हे श्रद्धापत्र १६४७ मध्ये स्वीकारले. जॉन गुडविनने १६५१ मध्ये सातत्यावर केलेल्या टीकेला जॉन ओएन ह्याने १६५४ मध्ये एका बृहद्‌ग्रंथाने उत्तर दिले.

प्यूरिटन धर्मोपदेशकांपुढील मुख्य काम मात्र शंकाकुल भाविकांचे समाधान करणे हे होते. विल्यम पर्किन्झ (१५५८–१६०२) इत्यादींनी त्यासाठी अनुमानाची पद्धत सुचविली : निवडलेल्यांच्या आचरणात सत्कर्मांची फळे दिसतात, ती माझ्यात दिसतात, म्हणून माझी निवड झाली आहे. ह्यामुळे आत्मपरीक्षण, दैनंदिनी लिहिणे व बारीकसारीक वर्तनावर लक्ष ठेवणे ही प्यूरिटन जीवनाची वैशिष्ट्ये बनली. धंद्यातील शिस्त व यश ही निवडीची चिन्हे मानण्याच्या प्रवृत्तीतून भांडवलशाहीस पोषक मनोवृत्ती घडली, असे माक्स वेबरने १९०४–०५ मध्ये मांडले. त्याचे हे मत इतिहासकारांत वादग्रस्त आहे. जॉन बन्यनच्या पिलग्रिम्स प्रोग्रेस (१६७८) मधील लोखंडी पिंजऱ्यातील हताश मनुष्याच्या चित्रणामागे स्पिएराची हकीकत असल्याचे मानले जाते. बन्यनने ती वाचली होती. अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये जॉनाथन एडवर्ड्‌झ (१७०३–५८) ह्याने धार्मिक भावनांवरील आपल्या ग्रंथात (१७४६) भावनेच्या उमाळ्यापेक्षा दीर्घकाळ टिकणारे आचरण हीच खऱ्या श्रद्धेची प्रमुख खूण ठरविली.

मेथडिस्ट पंथाचा विरोध : इंग्लंडमध्ये ह्या सिद्धांताला सर्वांत प्रभावी विरोध जॉन वेस्ली (१७०३–९१) ह्याने केला. १७५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्याने इब्री लोकांस पत्रातील इशारे खऱ्या श्रद्धावंतांनाच उद्देशून आहेत, असे दाखविले. बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन गिल ह्याने पुढील वर्षी त्याला उत्तर दिले. पूर्वनियोजनाच्या प्रश्नावरून वेस्ली व त्याचा सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड ह्यांच्या अनुयायांत १७४०–४१ मध्येच फूट पडली होती. वेस्लीच्या मते आजच्या घटकेला आपण ईश्वराचे आहोत, ही खात्री पवित्र आत्मा देतो. उद्याची हमी तीत नसते. पडलेला मनुष्य पुन्हा उठू शकतो, हे मात्र तो आग्रहाने सांगे.

ज्या सिद्धांताचा हेतू दिलासा देणे हा होता, तो एखाद्या खचलेल्या मनाला किती असह्य होऊ शकतो, हे विल्यम कूपर (१७३१–१८००) ह्या कवीच्या चरित्रावरून दिसते. जॉन न्यूटनबरोबर त्याने रचलेली भक्तिगीते (१७७९) आजही गायिली जातात. परंतु १७७३ मध्ये पडलेल्या एका स्वप्नानंतर आपण ईश्वराकडून कायमचे त्यागिले गेलो आहोत, अशी त्याची समजूत झाली. तो मनोविकाराने ग्रस्त होता. मित्रांनी सातत्याचा सिद्धांत सांगून केलेली समजूत त्याला पटली नाही. सिद्धांत खरा, पण आपण त्याला एकटेच अपवाद, असे तो मानीत राहिला.

आधुनिक काळ : एकोणिसाव्या शतकात सिद्धांत त्याच्या मूळ चौकटीतून सुटा होऊ लागला. अमेरिकेतील कंबरलंड प्रेसबिटेरियनांनी (स्थापना १८१०) पूर्वनियोजनाचा कठोर सिद्धांत सोडला. पण सातत्य कायम ठेवले. सदर्न बॅप्टिस्टांच्या १९२५, १९६३ व २००० च्या श्रद्धापत्रांत तो समाविष्ट आहे; फ्री विल बॅप्टिस्ट मात्र तो नाकारतात. पुनरुज्जीवनवादी प्रवचनांतून ‘एकदा तरला तो कायमचा तरला’ असे त्याचे लोकप्रिय रूप पसरले. त्यानुसार एका क्षणी घेतलेला निर्णय पुरेसा ठरतो, पुढील आचरण कसेही असो. डॉर्टच्या निर्णयाशी हे मत विसंगत आहे. कारण तेथे सुरक्षितता केवळ आरंभाची नसून टिकून राहण्याची आहे. ह्या भेदावरून १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन धर्मशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला.

कार्ल बार्टने १९४२ मध्ये निवडीचा सिद्धांत ख्रिस्तकेंद्री करून नव्याने मांडला. डच धर्मशास्त्रज्ञ खेरिट बर्कौवर ह्याने १९४९ मध्ये सातत्यावर लिहिलेल्या ग्रंथात ते तर्काने सिद्ध करण्याचे प्रमेय नसून श्रद्धेनेच अनुभवावयाचे सत्य आहे, ह्यावर भर दिला. १९७३ च्या लॉइनबर्ग करारान्वये यूरोपातील ल्यूथरपंथीय व कॅल्व्हिनपंथीय चर्चनी ह्यासंबंधीचे परस्परांविरुद्धचे जुने निषेध आता लागू नसल्याचे मान्य केले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्जबर्ग येथे रोमन कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ ह्यांनी नीतिमानीकरणाविषयी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात मनुष्याने स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहता साशंक असावे, पण ईश्वराच्या अभिवचनाविषयी निःशंक असावे, ह्या आशयाचे मतैक्य आहे. मेथडिस्टांनी २००६ मध्ये व कॅल्व्हिनप्रणीत चर्चच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये ह्या जाहीरनाम्याशी आपली सहमती दर्शविली.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट पंथ आणणाऱ्या आरंभीच्या मिशनांपैकी १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशन न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतील, तर १८२३ पासून कोकणात व १८२९ पासून जॉन विल्सन ह्याच्या नेतृत्वाखाली मुंबईत कार्य करणारे स्कॉटिश मिशन प्रेसबिटेरियन परंपरेतील होते. दोहोंच्या पाठीशी वेस्टमिन्स्टरचा वारसा होता. बन्यनच्या ग्रंथाचे हरि केशवजी ह्यांनी केलेले मराठी रूपांतर यात्रिक क्रमण (१८४१) ह्या नावाने प्रसिद्ध झाले व त्यातून सातत्याची कल्पना मराठी वाचकांपर्यंत रूपककथेच्या द्वारे पोहोचली. जातिबहिष्कार, कुटुंबाचा वियोग व वारसाहक्काची हानी सोसणाऱ्या नवख्रिस्ती व्यक्तींच्या बाबतीत टिकून राहण्याचा प्रश्न तात्त्विक नव्हता. त्यांतील वारसाहक्काला १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने कायद्याचे संरक्षण मिळाले. विल्यम टेलरच्या प्रयत्नाने १८७१ नंतर मुंबई परिसरात स्थिर झालेल्या मेथडिस्ट पंथाची परंपरा वेस्लीची, म्हणजे विरुद्ध पक्षाची होती. गोव्यातील व वसईतील कॅथलिक समाजाने ट्रेंटची भूमिका अनुसरली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट व ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट एकत्र आले. टेलरच्या कार्यातून वाढलेले मेथडिस्ट चर्च मात्र स्वतंत्र राहिले. ज्या मतभेदावरून सतराव्या शतकात माणसे तुरुंगात गेली, तो मतभेद असणाऱ्या परंपरा येथे एका चर्चमध्ये नांदू लागल्या.

मूल्यमापन : मनुष्याचा प्रयत्न व ईश्वराची कृपा ह्यांच्या संबंधाचा हा प्रश्न ख्रिस्ती धर्मापुरताच मर्यादित नाही. श्रीवैष्णव संप्रदायात आईला स्वतः घट्ट धरून राहणाऱ्या माकडाच्या पिलाचा व आईने तोंडात धरून नेलेल्या मांजराच्या पिलाचा असे जे दोन दृष्टांत आहेत, त्यांत हाच भेद व्यक्त होतो. ख्रिस्ती परंपरेतील वैशिष्ट्य असे, की तेथे ह्या भेदाला खात्रीच्या प्रश्नाची जोड मिळाली. ऑगस्टीनने खात्री नाकारून प्रार्थना दिली. ट्रेंटने खात्रीच्या जागी संस्कारांचा आधार ठेवला. डॉर्टने खात्री दिली, पण ती आपल्यालाच लागू आहे काय, हा प्रश्न भाविकाच्या अंतःकरणात जागा राहिला. वेस्लीने आजची खात्री देऊन उद्याविषयी सावध राहावयास सांगितले. प्रत्येक मांडणीने भाविकाची चिंता दूर करण्याचा प्रयत्न केला व प्रत्येकीत ती नव्या ठिकाणी प्रकट झाली. तथापि ह्या सर्व परंपरांत एक समान धागा आढळतो. पडलेल्या माणसाचा निवाडा त्याच्या पतनाच्या क्षणावरून करू नये. तो परतेल ह्या आशेने दार उघडे ठेवावे, असे त्या मानतात. डीशिअसच्या छळानंतर कार्थेजच्या धर्मसभेने हाच निर्णय घेतला होता. नंतरच्या सूक्ष्म वादांनी त्याची कारणे बदलली. निर्णय मात्र बहुतांशी तोच राहिला.